व्हिडिओ बघायला छोटा टॅब: जुनाच ठेवावा, ८.७ इंची अँड्रॉइड घ्यावा की आयपॅड मिनी?

गेल्या दिवाळीच्या आधी महिनाभर माझ्या डोक्यात हाच हिशेब चालू होता. हाताशी पाच वर्षांचा आठ इंची टॅब होता. १२८० बाय ८०० ची स्क्रीन, २ जीबी रॅम, एका कोपऱ्याला बारीकसा पोचा. बंद पडलेला नव्हता. पडला असता तर एका संध्याकाळी दुकानात जाऊन दुसरा आणला असता आणि विषय संपला असता. चालती वस्तू बदलायची म्हटलं की मन खातं, म्हणून एवढी तुलना करत बसलो.

माझा वापर आधी सांगतो, कारण पुढचं सगळं मत तेवढ्यापुरतंच आहे. रात्री जेवणं आटोपली की अंथरुणात तासभर, आणि आठवड्यातून दोनदा पुणे-मुंबई गाडीत. बघायचं काय, तर नाटकांची चित्रीकरणं, मुलाखती, व्याख्यानं, गाण्याच्या मैफली, मधूनच एखादा सिनेमा. गेम खेळत नाही, ऑफिसचं काम त्यावर करत नाही. दहा-अकरा इंची टॅबचा विचार मी केलाच नाही. जवळजवळ अर्धा किलो वजन आडवं पडून चेहऱ्यासमोर धरायचं माझ्या मनगटांना जमत नाही. ज्यांना जमतं त्यांनी जरूर घ्यावा, त्या आकारात पर्यायही भरपूर आहेत.

तेव्हा उरल्या तीन वाटा. जुनाच चालवायचा. नाहीतर ८.७ इंची अँड्रॉइड घ्यायचा. सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए९ आणि रेडमी पॅड एसई ८.७ हे या गटातले ओळखीचे चेहरे, अनुक्रमे २०२३ आणि २०२४ मध्ये आलेले, आणि किंमत तेव्हा साधारण दहा ते पंधरा हजारांच्या पट्ट्यात. नाहीतर आयपॅड मिनी. ऑक्टोबर २०२४ मध्ये ए१७ प्रो चिपचा मिनी आला तेव्हा त्याची किंमत इथे ४९,९०० रुपयांपासून सुरू होत होती.

स्क्रीनवर मी फार वेळ घालवला आणि आता वाटतं, तो निम्मा वाया गेला. इंच हे कर्णाचं माप असतं. व्हिडिओ बघणाऱ्याला कर्णाशी काही देणंघेणं नाही, त्याला चित्र किती रुंद दिसतं ते हवं. म्हणून पट्टी घेऊन बसलो. माझा जुना आठ इंची टॅब आडवा धरला की चित्राची रुंदी १७.२ सेंटीमीटर. मिनी ८.३ इंची असला तरी त्याची स्क्रीन पुस्तकासारखी जरा चौकोनी आहे, त्यामुळे रुंदी १७.६. आणि ८.७ इंची अँड्रॉइडवर जवळपास १९. म्हणजे पन्नास हजार खर्चून मिनीवर गेलो तर चित्र चार मिलिमीटरने वाढणार, आणि त्याच्या साधारण पाव हिस्सा पैशांत ८.७ इंची अँड्रॉइडवर ते पावणेदोन सेंटीमीटरने वाढणार. हे आकडे बघून मी दोन दिवस गप्प होतो. अपवाद जुन्या चित्रीकरणांचा. दूरदर्शनच्या जमान्यातल्या ४:३ चौकटीतल्या गोष्टी मिनीवर छान बसतात, वरखाली काळी पट्टी राहत नाही आणि चित्राची उंचीही किंचित जास्त मिळते. पण तिथेही फरक तीन मिलिमीटरचा आहे.

स्पष्टपणात मात्र मिनी कितीतरी पुढे आहे, हे मान्य करायलाच हवं. त्याच्या स्क्रीनवर इंचाला ३२६ ठिपके, या अँड्रॉइडांवर १८० च्या आसपास. वाचायला बसलात तर हा फरक पहिल्या ओळीला जाणवतो. चालत्या चित्रात तो मला एवढा जाणवला नाही. सबटायटलची अक्षरं मिनीवर कोरल्यासारखी दिसतात, अँड्रॉइडवर कडा थोड्या मऊ असतात, इतकंच. तुमची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण असेल तर तुम्हाला जास्त खटकेल, हे शक्य आहे.

आता ज्यासाठी मी खरोखर टॅब बदलला, त्या गोष्टीकडे येतो. आवाज.

माझ्या जुन्या टॅबला दोन स्पीकर होते, पण दोन्ही एकाच कडेला, चार्जिंगच्या पिनेच्या दोन बाजूंना. उभा धरला तर ती खालची कड. पण व्हिडिओ उभा धरून कोण बघतं? आडवा केला की दोन्ही स्पीकर उजव्या हातात येतात, आणि टॅब धरायचा म्हटलं की तळवा नेमका त्या जाळीवर बसतो. आवाज एकदम कोंडतो. बोटं दुमडून, तळवा सोडून, टॅब चिमटीत पकडून मी नाटकं बघितली आहेत. पहिल्या अंकाच्या शेवटी अंगठा भरून यायचा.

गाडीत इअरफोन असायचे, तिथे प्रश्न नव्हता. प्रश्न रात्रीचा होता. मला उजव्या कुशीवर झोपून बघायची सवय आहे. त्या कुशीवर झोपलं की टॅबची उजवी कड खाली येते आणि गादीवर टेकते. म्हणजे दोन्ही स्पीकर गादीत, माझा उजवा कान उशीत, आणि मोकळा असलेला डावा कान वर, जिकडे आवाजाचा पत्ताच नाही. बॅटरी जुनी झाल्यामुळे चार्जर लावूनच बघावं लागे, तर ती पिनही त्याच कडेला. वायर गादीखाली दुमडून तिचं टोक एकदा मोडलं. टॅब उलटा फिरवून बघितला. मग स्पीकर वर आले खरे, पण आवाज कमीजास्त करायचं बटण खालच्या अंगाला गेलं, आणि वरून लोंबणारी वायर डोळ्यांसमोर झुलू लागली. शेवटी आवाज पूर्ण वाढवायचो आणि शेजारी झोपलेली बायको म्हणायची, "अहो, जरा कमी करा." कमी केला की संवाद गेले. नाटकात संवाद गेले तर उरतं काय?

तुम्ही म्हणाल, रात्रीही इअरफोन लावा. लावून बघितले. कुशीवर झोपल्यावर उशीच्या बाजूचा कान दुखतो. एकच कानात घातला तर आवाजाची एक बाजू निघून जाते. मैफलीच्या ज्या चित्रीकरणात तबला एका अंगाला आणि तानपुरा दुसऱ्या अंगाला ठेवलेला असतो, तिथे एका कानाने ऐकताना जीव हळहळतो.

याच सुमारास मेहुण्यांनी त्यांचा आयपॅड मिनी पंधरा दिवस वापरायला दिला. ते परदेशी निघाले होते आणि त्यांना माझा हा रोजचा घोळ ठाऊक होता. २०२१ चा, सहाव्या पिढीचा मिनी. नव्यातही स्क्रीनचा आकार तोच आहे. त्याचे स्पीकर आडव्या धरणीसाठी दोन टोकांना दिलेले आहेत. पहिल्याच रात्री उजव्या कुशीवर झोपलो, खालचा स्पीकर गादीत गेला, आणि वरचा माझ्या मोकळ्या कानाशी बोलत राहिला. एवढीच गोष्ट. पण त्या रात्री दोन अंकी नाटक मी सलग संपवलं, आवाज निम्म्यावर ठेवून. दोन टोकांना स्पीकर असले तर कसंही लोळा, एक मोकळा राहतोच. पाच वर्षांत मला हे उमगलं नव्हतं, कारण मी सारखा स्क्रीनचाच विचार करत होतो.

मग मिनीच का घेतला नाही? मोह झाला होता. २९३ ग्रॅम वजन, ८.७ इंची गॅलॅक्सीपेक्षा चाळीसएक ग्रॅम कमी, आणि तासाभरानंतर हाताला ते नक्की कळतं. चित्राचा रंग सुरेख. आवाज भरीव, पखवाजाचा घुमारा इतर दोघांत असा नाही. कोणी मला मिनी भेट दिला तर मी आनंदाने वापरेन. पण फक्त व्हिडिओ बघायला त्यात पन्नास हजार गुंतवणं मला पटलं नाही. त्याची चिप फार ताकदीची आहे आणि माझ्या वापरात ती बहुतेक वेळ बसूनच राहिली असती. चित्र काढणारे, टिपणं लिहिणारे, पीडीएफ वाचणारे यांचा हिशेब वेगळा असेल. वापरलेला मिनी घ्यायचा विचार असेल तर एक बघा: २०१९ च्या पाचव्या पिढीच्या मिनीला हेडफोनचा जॅक आहे, पण त्याचे दोन्ही स्पीकर खालच्या एकाच कडेला आहेत. सहाव्या पिढीपासून स्पीकर दोन टोकांना गेले आणि जॅक निघून गेला. माझ्यासारख्या माणसाला दोन्ही एकत्र हवं असतं, आणि ते मला ८.७ इंची अँड्रॉइडात मिळालं.

जॅकचं महत्त्व गाडीत कळतं. ब्लूटूथवाले म्हणतात आता वायर कशाला, आणि बहुतेक ॲप ओठ आणि आवाज बऱ्यापैकी जुळवून घेतात हे खरं. पण चार्ज करायची आणखी एक वस्तू, आणि ती नेमकी ठाण्याला मान टाकणार. वायरचे इअरफोन दोनशे रुपयांत येतात आणि खिशातून काढले की चालू.

गाडीचाच विषय निघाला आहे तर डाउनलोडबद्दल. मुंबईहून पुण्याला येताना कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लागतात, आणि तिथून लोणावळ्यापर्यंत घाटात बोगद्यामागून बोगदे. मोबाइलचं नेट येतं-जातं. म्हणून आदल्या रात्री घरीच उतरवून घ्यायचं. या अँड्रॉइडांत मेमरी कार्ड बसतं, मिनीत बसत नाही. आणि एक बचत सांगतो: १३४० बाय ८०० च्या स्क्रीनवर नेहमीचा रुंद व्हिडिओ १३४० बाय ७५४ ठिपक्यांतच मावतो. म्हणजे ७२०पी उतरवलंत तरी जवळजवळ सगळं मिळालं. १०८०पी उतरवून फक्त जागा अडते. मिनीवर मात्र १०८०पी चं चीज होतं.

खिडकीशी दुपारच्या उन्हात बसलात तर मिनी उजवा ठरेल. त्याच्या काचेवर चमक कमी करणारा थर आहे. माझ्या टॅबवर उन्हात काळोखे प्रसंग दिसतच नाहीत, मग मी पडदा ओढतो किंवा व्याख्यान लावतो. याचा त्रास होतो, नाही असं नाही. पण आठवड्यातून दोनदा, तोही अर्धा तास. रात्रीची कुशी रोजची होती.

घेताना दोन गोष्टी मात्र सोडू नका. पहिली, रॅम ४ जीबी तरी हवीच. जुन्या टॅबवर मी व्हिडिओ थांबवून एखादा मेसेज बघून परत आलो की ॲप पहिल्यापासून सुरू व्हायचं, हे २ जीबीचं दुखणं. दुसरी, अनोळखी कंपनीचा स्वस्त टॅब दिसला तर त्याला वाइडवाइनची (व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या कुलुपाची) एल१ पातळी आहे का ते विचारा. एल३ असेल तर स्क्रीन कितीही चांगली असो, नेटफ्लिक्स ४८०पी च्या पुढे जात नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये प्लेबॅकच्या तपशिलात हे लिहिलेलं असतं. पुढचं काम दुकानात करायचं: टॅब आडवा धरा, कोणाचं तरी भाषण लावा आणि एक टोक तळव्याने पूर्ण झाका. शब्द कळले पाहिजेत. विक्रेता जरा चमकून बघेल, बघू द्या.

आणि तुमच्या सध्याच्या टॅबचे स्पीकर दोन टोकांना असतील, बॅटरी एक सिनेमा काढत असेल आणि ॲप अजून अपडेट होत असतील, तर माझ्या मते थांबा. १७ चे १९ सेंटीमीटर करण्यासाठी बदलावा असं मी सांगणार नाही. स्पीकर एकाच कडेला असतील आणि तुम्ही हातात धरून किंवा आडवं पडून बघत असाल, तर बदला, आणि आधी ८.७ इंची अँड्रॉइड हातात घेऊन बघा. मिनीचं दुकान त्यानंतर.

माझा जुना टॅब आता आईकडे आहे. ओट्याच्या वरच्या फळीवर, मिक्सरच्या बाजूला, स्टीलच्या डब्याला टेकवून उभा असतो, चार्जर कायम लावलेला. सकाळी ती भाजी चिरताना त्यावर कीर्तन लावते. हातात धरायचा नाही, गादीला टेकवायचा नाही, त्यामुळे आवाज एका बाजूने येतो हे तिच्या लक्षातही आलेलं नाही. परवा मी विचारलं, नवा आणू का? म्हणाली, "याला काय झालंय?"