गाडीत "२००० वॅट"चं म्युझिक बसवून घेणाऱ्यांनो, आधी त्याचा फ्यूज बघा

राजेहो, ३१,००० रुपये पाण्यात गेले, वर बॅटरीचे वेगळे. नागपूरच्या एका दुकानात जुन्या गाडीचा टेप बदलायला गेलो होतो. दुकानाचं नाव लिहीत नाही, उद्या त्याच्या वकिलाची नोटीस घेऊन कुठं फिरू, पण यांची पद्धत सगळीकडे एकच असते म्हणून लिहून ठेवतो.

गाडी २०१० ची अल्टो. इंजिन अजून टकाटक. जुना टेपही वाजत होता, फक्त सीडी अडकायची. कापसाचे पैसे हातात होते, पोरगी म्हणे बाबा आता मोठी स्क्रीन लावाच, अन या दुकानाचे व्हिडिओ मोबाईलवर रोज यायचे, जुन्या गाडीत बसवलेला सेट, दणदणीत बेस, काचा थरथरतायत. फोनवर भावसुद्धा नीट सांगितला त्यानं. ९ इंची अँड्रॉइड सेट, ४ जीबी रॅम ६४ जीबी मेमरी, १४,५००. पुढच्या दारांचे स्पीकर ३,२००. मागच्या ट्रेवरचे ओव्हल ४,८००. ॲम्प, म्हणजे आवाज वाढवायचा डबा, ६,५००. वायरिंग किट १,८००, फिटिंग १,२००. झाले ३२,०००, जुन्या टेपचे १,००० वजा. ५,००० ॲडव्हान्स तिथूनच मागितला अन मी टाकला. कोण नाही टाकत?

दुकानात गेल्यावर बोर्डावर लावलेले स्पीकर वाजवून दाखवले. आवाज खरंच भारी होता. पण बोर्डावर वाजलं ते अन गाडीत बसलं ते एकच आहे हे कोण बघतं, खोके आतल्या खोलीत फोडले, "काका तुम्ही बसा, चहा घ्या" म्हणत. तुमच्यासमोर खोकं फोडत नसतील तर चहा न घेता उठा.

आता ज्या गोष्टीनं मला अजून झोप येत नाही ती सांगतो. दुकानातला पोट्टा ॲम्प सीटखाली सरकवत होता तेव्हा मी तो पाहिला. वर मोठ्या अक्षरात २००० वॅट, अन बाजूला एकच पिवळा फ्यूज. पिवळा म्हणजे २० अँपियर. अरे मी शेतकरी माणूस, विहिरीवरची मोटर जळाली तर अँपियर मोजून स्टार्टर बदलणारा, मला हे कळत नाही असं नाही. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, १२ गुणिले २० म्हणजे २४०. इंजिन चालू असताना १४ व्होल्ट धरा, तरी २८०. २००० वॅट येणार कुठून? वीस अँपियरच्या खूप वर गेलं की फ्यूज उडालाच पाहिजे. मी मालकाला विचारलंसुद्धा, अगदी हेच विचारलं. तो हसून म्हणे, "भाऊ, तुमच्या मोटरचं गणित वेगळं अन म्युझिकचं वेगळं, हे पीएमपीओ असते." अन तेवढ्यात पोट्ट्यानं सीट बसवून टाकली. तिथंच थांबवायला पाहिजे होतं हे मलाही कळतं. पण अंधार पडत आलेला, मागं म्हातारी आई बसलेली, डॅशबोर्ड कापून झालेला (सेट खाचेत मावत नव्हता म्हणून कापला, आधी विचारलं नाही), तारा लोंबकळत होत्या. अशा गाडीत भांडून तुम्ही घरी कसे गेले असते ते मला सांगा. पीएमपीओ म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा, तो शब्द ऐकला की समजून जा, वॅट विचारायचे ते आरएमएसचे, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचे.

पैसे देताना क्यूआर स्कॅन केला तर नाव दुकानाचं नाही, कुण्या बाईचं. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी वेगळा लागेल". दिला तो कागद, वर छापलंय एस्टिमेट.

बुटीबोरीच्या पुढं स्क्रीन अडकली. जाम चौरस्त्यावर थांबून फोन केला तर म्हणे गाडी बंद करून चालू करा. मग सकाळी गाडी स्टार्टच होईना, धक्का, पुन्हा धक्का, शेवटी बॅटरीच गेली, नवी ४,२००. उन्हाळा लागला तसा सेट दुपारी चालेचना. आपल्याकडं बंद गाडी मे महिन्यात काय तापते ते सांगायला नको.

गावच्या इलेक्ट्रिशियननं सगळं उघडलं, ८५० घेतले पण माणूस सच्चा. सेटची पिवळी तार कायम करंटची अन लाल तार चावीची, दोन्ही एकत्र पिळून बॅटरीला जोडलेल्या, म्हणून सेट रात्रभर बॅटरी खात होता. कंपनीचे कपलर, म्हणजे तारा जोडायचे प्लग, कापून टेप गुंडाळलेली. "शुद्ध तांब्याची" तार ब्लेडनं खरवडली तर आतून पांढरी, ॲल्युमिनियमवर नुसता तांब्याचा मुलामा. ओव्हल स्पीकरचं मॅग्नेट हातात मावेना एवढं जाड दिसत होतं, वरचं प्लास्टिकचं झाकण काढलं तर आत बिस्किटाएवढं. भाच्यानं सेटमध्ये हार्डवेअर तपासायचं ॲप टाकलं. सेटिंगमध्ये अँड्रॉइड १३ लिहिलेलं, पण एपीआय लेव्हल (अँड्रॉइडचा आतला नंबर) २७, म्हणजे ८.१. खऱ्या १३ ला ३३ पाहिजे. रॅम १ जीबी, मेमरी १६. सेटिंगमधला आकडा कुणीही बदलून देतो, त्यावर जाऊ नका.

एकूण ३६,०५० रुपये. जुना टेप परत मागितला तर म्हणे विकला.

अन आता पोलिसांचं ऐका. आमच्या ठाण्यात गेलो तर साहेब नाही. परत गेलो तर साहेब आहे पण बंदोबस्त आहे. शेवटी भेटले तर आधी हसले, "टेपसाठी आले का काका?" मी म्हटलं चारशे वीस लावा. तर म्हणे आता नव्या कायद्यात चारशे वीस नाही, ३१८ आहे, अन ते इथं लागत नाही, घटना नागपूरची, तिकडं जा. नागपूरला गेलो तर हे सिव्हिल मॅटर आहे, तुम्ही राजीखुशीनं पैसे दिले. कायद्यात झीरो एफआयआर आहे, कुठल्याही ठाण्यात घ्यायला पाहिजे, हे मी बोललो तर हवालदार म्हणे जास्त शिकलेले दिसता. साधी पोच द्या म्हटलं, ती पण नाही. सायबरवाले म्हणतात समोर बसून पैसे दिले, ही ऑनलाइन फसवणूक नाही. एका ओळखीच्या वकिलानं सांगितलं ग्राहक आयोगातली केस नागपूरलाच टाकावी लागते, हे साफ खोटं निघालं. २०१९ च्या ग्राहक कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार टाकता येते, ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, मुदत दोन वर्षं. वकील लागतच नाही. मग आम्हाला एवढं का पळवलं? कापूस सोडून ठाण्याच्या बाकड्यावर बसायला आम्ही रिकामे आहो काय?

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून ठेवा, तक्रारीचा नंबर मिळतो. कच्चा कागद, क्यूआरचा स्क्रीनशॉट, कापलेल्या तारांचे फोटो, काहीच फेकू नका. अन दुकानदाराशी फोनवर भांडू नका, व्हाट्सॲपवर लिहा, मी भांडलो अन हाती काही राहिलं नाही.

तक्रार टाकली आहे. परवा दुकानदाराचा फोन आला, इतक्या महिन्यांनी स्वतःहून. २,००० परत देतो म्हणे, तुम्ही नेटवर टाकलेला रिव्ह्यू तेवढा काढून टाका. नाही काढत.