इंटरनॅशनल रोमिंग पॅक: नेटवर्क पास, हिशोब नापास

पॅकचे दर आणि जीबी सगळ्यांना पाठ आहेत, ते पुन्हा लिहीत नाही. फ्रँकफर्टच्या ऑफिसात ये-जा सुरू झाल्यापासून हाच पोस्टपेड पॅक घेतोय. कव्हरेजला नाव ठेवायला जागा नाही. विमानातून उतरलं की जर्मन नेटवर्क आपल्या कंपनीकडे सिमची खातरजमा करतं, आणि बॅग पट्ट्यावर यायच्या आत डेटा सुरू.

छळलं ते पिंगने, म्हणजे डेटा सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळाने. दांड्या पूर्ण, पण पिंग दोनशे मिलिसेकंदांच्या खाली येईल तर शपथ! जर्मन नेटवर्क आपला डेटा तिथल्या तिथे इंटरनेटवर सोडतच नाही. तो जीटीपी टनेलमध्ये, म्हणजे मोबाइल नेटवर्कमधल्या बंद नळीत घालून, मोबाइल कंपन्यांना जोडणाऱ्या आयपीएक्स या खासगी जाळ्यातून आपल्या कंपनीच्या भारतातल्या गेटवेकडे, म्हणजे इंटरनेटच्या दाराकडे पाठवतं, आणि इंटरनेट तिथून पुढे. कोथरूडहून डेक्कनला व्हाया नागपूर! मुंबई-फ्रँकफर्ट सरळ रेषेत साधारण ६,५०० किमी. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी जातो. सर्व्हर फ्रँकफर्टमध्येच असला तर हे अंतर चार वेळा कापायचं, म्हणजे १३० मिलिसेकंद तिथेच गेले. केबल सरळ जात नाही ते वेगळंच. व्हिडिओ कॉलवर मी बोलायला लागेपर्यंत दुसराच कोणीतरी बोलून मोकळा.

पण या वळशाबद्दलचं मत पुढे बदललं. आयपी पत्ता भारताचा राहतो, त्यामुळे हॉटेलच्या वायफायवर अडून बसणारं बँकेचं ॲप रोमिंगवर निमूट चालतं. चीनमध्ये एरवी बंद असलेलं गूगल बाहेरच्या सिमवर उघडतं तेही याच कारणाने.

मग बिल आलं. पॅक संपल्याचा मेसेज दुसऱ्या दिवशी, तोवर दर एमबीमागे मीटर पळत होतं. कस्टमर केअरचं उत्तर: "सर, तिकडच्या नेटवर्ककडून माहिती उशिरा येते." अहो, तिकडून मागाहून येतात त्या टॅप फायली, म्हणजे रोमिंग वापराच्या नोंदी, तुम्हा दोन कंपन्यांच्या आपसातल्या वसुलीसाठी! माझा प्रत्येक बाइट तुमच्याच गेटवेतून जातो. तिथे मोजून त्याच क्षणी डेटा तोडता येतो, प्रीपेडला तोडताच की. वर सद्भावना म्हणून निम्मी रक्कम माफ करतो म्हणाले. निम्मीच का?

कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अर्ज टाकलाय. तोवर डेटाला जर्मन प्रीपेड सिम, भारतातलं फक्त ओटीपीपुरतं, डेटा रोमिंग बंद ठेवून. पाचपैकी दोन तारे, तेही बँकेच्या ॲपमुळे.