सभासदांना मराठीत मेसेज: एसएमएसच ठेवावा की आरसीएस घ्यावं?

डीएलटीवर (धंद्याचे एसएमएस पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणारं पोर्टल) नोंदणी झालेली आहे, हेडर (मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं छोटं नाव) आहे, टेम्प्लेट (मेसेजचे ठरलेले साचे) मंजूर आहेत आणि मेसेज रोज जातायत, इतकं धरून चालू. दूध संस्था असो, पतसंस्था असो, कारखान्याचं शेती ऑफिस असो की कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरचं दुकान, सध्या सगळ्यांकडे एकच प्रस्ताव येतोय: एसएमएस सोडा, आरसीएस घ्या. आरसीएस म्हणजे फोनच्या मेसेज ॲपमध्येच येणारा, पण डेटावर चालणारा मेसेज. लोगो दिसेल, बटणं येतील, नावापुढे पडताळणीची खूण येईल. विकणारा जे सांगतो ते बहुतेक खरंच असतं. घोडं अडतं ते त्यानं न सांगितलेल्या गोष्टींवर.

व्हॉट्सॲपचा विषय आधीच उरकतो. ग्राहकानं स्वतःहून विचारलं की पुढचे 24 तास उत्तरं फुकट, आणि त्या मुदतीत युटिलिटी (बिल, पावती अशा कामाचे) टेम्प्लेटही फुकट. ज्यांचा धंदा चौकशीवर चालतो त्यांनी ते जरूर वापरावं. पण 1 जुलै 2025 पासून टेम्प्लेटचे पैसे मेसेजमागे लागतात, मार्केटिंगचा दर युटिलिटीच्या कित्येक पट आहे, आणि तुम्ही युटिलिटी म्हणून दिलेला टेम्प्लेट मार्केटिंगमध्ये ढकलायचा अधिकार व्हॉट्सॲपच्या मालक मेटाकडे आहे. यातला एक पैसाही मोबाइल ऑपरेटरकडे जात नाही. त्याला मिळतो तो फक्त डेटा पॅक. ही गोष्ट पुढे कामाला येईल.

सत्तर अक्षरांचं दुखणं

इंग्रजी एसएमएस 160 अक्षरांचा, देवनागरी 70 चा. त्याहून लांबला तर तुकडे जोडायची माहिती आत घालावी लागते, म्हणून मग प्रत्येक तुकडा 67 चाच. आणि ही अक्षरं शाळेत मोजतो तशी नव्हेत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळ्यांची वेगळी मोजणी. ‘कोल्हापूर’ म्हणायला चार अक्षरं, बिलाला नऊ.

संकलन केंद्रावरून जाणारा एक नमुना घ्या, आकडे उदाहरणादाखल (एसएनएफ म्हणजे दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग):

सकाळ: म्हैस 6.5 लि, फॅट 7.2, एसएनएफ 9.0, दर 58.40, रक्कम 379.60

हे 63 झाले. आता टेम्प्लेट मंजूर व्हायला संस्थेचं नाव मागितलं जातं. ‘सहकारी दूध उत्पादक संस्था’ एवढंच 25, गावाचं नाव अजून यायचंय. म्हणजे मेसेज दोन तुकड्यांचा आणि पैसेही दोनदा. 500 उत्पादक, सकाळ-संध्याकाळ धरून दिवसाला 1000 मेसेज आणि 2000 क्रेडिट (एका तुकड्याला एक). क्रेडिट लवकर संपतात म्हणून संस्था रोज जाणारा मेसेज रोमन लिपीतल्या मराठीत पाठवते, आणि ज्या आजींच्या नावावर दूध जातं त्यांना तो नातवाकडून वाचून घ्यावा लागतो.

काटकसरीचे उपाय आहेत. ‘एसएनएफ’ लॅटिन अक्षरांत लिहा, तीन अक्षरं वाचतात. पण मेसेजमध्ये देवनागरीचं एक जरी चिन्ह राहिलं तरी अख्खा मेसेज 70 च्या हिशेबात जातो. उलटही खरं: पूर्ण इंग्रजी मेसेजात कुणी हौसेनं ₹ घातलं, की तोही 160 वरून 70 वर येतो, कारण ते चिन्ह एसएमएसच्या मूळ अक्षरसंचात नाही. वर्डमधून चिकटवलेली वाकडी अवतरणचिन्हंही हेच करतात. इंग्रजी मेसेज असताना बिल अचानक वाढलं तर आधी या दोन जागा बघा.

त्यातून सुटलात तर टेम्प्लेटची जुळणी आहेच. पाठवलेला मजकूर मंजूर टेम्प्लेटशी चिन्हागणिक जुळावा लागतो आणि प्रत्येक बदलत्या जागेला अक्षरांची मर्यादा असते. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द इथे हमखास दगा देतो. त्यातला ‘ऱ्य’ दोन पद्धतींनी टाइप होतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला वेगळे. टेम्प्लेट नोंदवला एका कीबोर्डवरून आणि मजकूर आला जुन्या फॉन्टमधून बदलून, की कारण नीट न कळता मेसेज नापास. उपाय एकच: मंजूर टेम्प्लेट पोर्टलवरूनच कॉपी करून सॉफ्टवेअरमध्ये घाला, हातानं परत टाइप करू नका.

आरसीएसमध्ये काय बदलतं

तुकडे पडत नाहीत. एका मजकुरात 3072 अक्षरं मावतात. भारतात साधारण दोन दर दिसतात: छोट्या साध्या मजकुराला बेसिक, आणि त्याहून लांब किंवा चित्र-बटणं असलेल्याला सिंगल. मेसेज लांबला तर वरच्या दरात जातो, पण एकच राहतो. इथे एक गोष्ट करारात वाचून घ्या: बेसिकची 160 ची मर्यादा अक्षरांत मोजतात की बाइटमध्ये. यूटीएफ-8 या संगणकी लेखनपद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह 3 बाइट खातं. बाइटचा हिशेब असेल तर वरचा आपला नमुना संस्थेचं नाव जोडताच बेसिकच्या बाहेर जाईल, मग सिंगलचा दर धरूनच तुलना करा.

दुसरा बदल नावाचा. एसएमएसवर येतात सहा लॅटिन अक्षरं, पुढे ऑपरेटर-सर्कलची दोन, मागे आता पी, एस, टी किंवा जी (प्रमोशन, सर्व्हिस, ट्रान्झॅक्शन, गव्हर्न्मेंट). नियामकाला ते कळतं, भुदरगडातल्या सभासदाला नाही. आरसीएसमध्ये संस्थेचं पूर्ण नाव, लोगो आणि पडताळणीची खूण दिसते. आमच्या पाहण्यात ‘हा मेसेज तुमचाच का?’ असं विचारणारे फोन यानं कमी होतात. मोजमाप म्हणून सांगत नाही, काउंटरवर बसणाऱ्यांचं म्हणणं सांगतो.

‘जास्त सुरक्षित’ या शब्दाचा मात्र नीट अर्थ घ्या. दोन माणसांमधल्या गूगल मेसेजेसच्या गप्पांना टोकापासून टोकापर्यंत एन्क्रिप्शन असतं. धंद्याच्या आरसीएसला ते नसतं, वाटेत मजकूर झाकलेला असतो इतकंच. इथली सुरक्षितता म्हणजे पाठवणारा खरा आहे याची हमी. खातं क्रमांक पूर्ण लिहायची मुभा त्यातून मिळत नाही.

ऑपरेटरला यात काय, आणि ते तुम्ही का बघावं

एसएमएसमध्ये ज्या ऑपरेटरच्या ग्राहकाकडे मेसेज पोचतो तो पाठवणाऱ्या ऑपरेटरकडून मेसेजमागे 5 पैशांपर्यंत घेऊ शकतो. देवनागरीचे दोन तुकडे म्हणजे दोनदा. वरकरणी ऑपरेटरची चांदी. प्रत्यक्षात याच दुखण्यानं संस्था व्हॉट्सॲपकडे वळतात आणि ते उत्पन्न मुळासकट जातं. आरसीएसमध्ये ऑपरेटरला गूगलशी वाटणी करावी लागते, पण विकायला त्याच्याकडे काही नवं असतं: पडताळलेलं नाव, चित्रांचे मेसेज, ग्राहकाशी 24 तासांचा संवाद. शिवाय ज्या गोष्टी फक्त त्याच्याच नेटवर्कला ठाऊक आहेत त्याही. समोरचा नंबर खरोखर याच सिमवर आहे का, सिम नुकतंच बदललंय का, या चौकशा आता एपीआयमधून (दोन सॉफ्टवेअरमधल्या जोडणीतून) विकल्या जातात. नंबरची मूक पडताळणी ओटीपीशिवाय होते, मात्र फोन मोबाइल डेटावर हवा. वायफायवर असेल तर नेटवर्कला ओळख पटत नाही आणि परत ओटीपीच.

नागरी सहकारी बँकांनी हे आत्ताच बघावं. रिझर्व्ह बँकेचे 25 सप्टेंबर 2025 चे निर्देश 1 एप्रिल 2026 पासून लागू आहेत आणि डिजिटल पेमेंट करताना ओळख पटवायच्या दुसऱ्या घटकासाठी एसएमएस ओटीपीपलीकडचे मार्ग त्यात मोकळे आहेत. पतसंस्था सहकार खात्याकडे येतात, त्यांना ही घाई नाही.

आमच्या मते ऑपरेटरची दीर्घकाळची कमाई तुकडे विकण्यात नाही, ओळख विकण्यात आहे. अट एकच, भडिमार आवरायला हवा. जून 2022 मध्ये जाहिरातींचा असा पूर आला की गूगलला भारतातले आरसीएस प्रमोशन थांबवावं लागलं होतं. दर पाडून कचरा वाहू देणाऱ्या वाटेनं स्वस्त पॅक मिळाला तरी तुमचा मेसेज त्याच कचऱ्यात पडणार.

आरसीएस घेताना कुठे अडतं

एजंट (आरसीएसवरची तुमच्या संस्थेची पडताळलेली ओळख) मंजूर व्हायला वेळ लागतो आणि प्रत्येक ऑपरेटर वेगळी मंजुरी देतो. लोगो 224 × 224 पिक्सेल, 50 केबीच्या आत. बॅनर 1440 × 448, 200 केबीच्या आत. लोगो गोलात दिसतो. सहकारी संस्थांचे शिक्के कडेनं नाव, स्थापना आणि र.नं. लिहिलेले असतात, त्या आकारात त्याचं काळं कडं होतं. मधलं चित्र तेवढं वेगळं काढून द्या. खरी अडचण प्रायव्हसी पॉलिसीच्या पानाची. वेबसाइटच नसलेल्या संस्थेचा अर्ज तिथेच पडून राहतो, तेव्हा आधी दोन पानांची का होईना साइट करा. आणि एसएमएसमध्ये त्या साइटची लिंक जाणार असेल तर डीएलटीवर नोंदवा. 1 ऑक्टोबर 2024 पासून न नोंदलेली लिंक असलेला एसएमएस अडवला जातो. ज्या बँका .bank.in या नव्या वेब पत्त्यावर गेल्या त्यांनी जुन्या टेम्प्लेटमधल्या लिंका एकदा तपासाव्यात.

मेसेज पोचायला स्मार्टफोन, आरसीएस चालू असलेलं ॲप आणि डेटा लागतो. दोन सिमच्या फोनमध्ये संस्थेकडे दिलेल्या नंबरवर ते चालू असेलच असं नाही. आयफोनवर आयओएस 18 पासून सोय आली, पण धंद्याच्या मेसेजला ऑपरेटरचाही पाठिंबा हवा. गगनबावडा, राधानगरी, चंदगडच्या आतल्या वाड्यांवर डेटा येतो-जातो. तिथे एसएमएस पातळ सिग्नलवरही सरकतो, कारण त्याला डेटा लागतच नाही. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीला आली, 43 ची धोका पातळी जवळ येतेय, अशा वेळी गोठ्यातली जनावरं हलवायचा निरोप आरसीएसवर सोडू नका.

म्हणून डीएलटीची नोंदणी राहू द्या आणि आरसीएसच्या मागे एसएमएस लावा. हे लावताना मुदत ठरवली नाही तर न पोचलेला आरसीएस मेसेज 30 दिवसांपर्यंत रांगेत थांबतो. एसएमएस गेला, दूध बिल जमा झालं, आणि चौथ्या दिवशी डेटा चालू केल्यावर तोच हिशेब परत आला, तर सभासद भांडायला येणारच. क्रम असा ठेवा: आधी नंबरला आरसीएस आहे का तपासा, मग मुदतीसह पाठवा, मुदतीत पोचला नाही तर रद्द करा, रद्द झाल्याची खात्री आल्यावरच एसएमएस. ओटीपीला ही मुदत अगदी थोडी द्या, सेकंदांतच.

मग कुणी काय घ्यावं

चपलांचं किंवा दागिन्यांचं दुकान असेल तर फार विचार करायला नको. कापशी, पुकारी, बक्कलनाळी अशी चपलांच्या प्रकारांची दोन ते दहा कार्डं शेजारी शेजारी दाखवता येतात, खाली ‘दुकानाचा रस्ता’ आणि ‘फोन करा’. बटणावर 25 अक्षरंच मावतात, मराठीत लिहिताना मोजून घ्या. प्रमोशनच्या वेळेचं बंधन आणि ग्राहकाची संमती दोन्ही पाळा.

साधा, इंग्रजीत 160 च्या आत बसणारा ओटीपी असेल तर एसएमएसला हात लावू नका, बदलून फायदा नाही.

दूध संस्था, पतसंस्था, ऊस बिलाचे मेसेज, म्हणजे रोजचा, मराठी आणि लांब मजकूर, इथे आमचा कल आरसीएसकडे झुकतो, मागे एसएमएस ठेवूनच. बेसिकचा दर एसएमएसच्या एका तुकड्यापेक्षा थोडा जास्त पडला तरी आपण खरं तर दोन तुकड्यांचे पैसे भरतोय, तुलना त्याच्याशी करायची. सभासदांपैकी निम्म्यांकडे कीपॅडचे फोन असतील तर अजून वर्षभर थांबलात तरी बिघडत नाही. ते आधी कळून घ्यायला सभासद यादीवर एकदा क्षमता तपासणी (कोणत्या नंबरला आरसीएस आहे ते) चालवून मागा.

विकणाऱ्याकडून लेखी घ्यायच्या गोष्टी थोड्याच आहेत: बेसिक-सिंगलचा वेगवेगळा दर, कोणकोणत्या ऑपरेटरवर एजंट सुरू होणार, आणि रद्द केलेल्या मेसेजचे पैसे लागतात का. तिसऱ्या प्रश्नावर ‘बघू, करून देतो’ असं उत्तर आलं तर दुसऱ्याकडून दर मागवा.