एटीआर जोडलेले एफटीआयआर यंत्र: अर्ध्या पावसाळ्यानंतरचा अनुभव

अंधेरीच्या एमआयडीसीतील आमच्या प्रयोगशाळेत औषधांचा कच्चा माल तपासण्यासाठी हे एफटीआयआर यंत्र, म्हणजे नमुना कोणते अवरक्त किरण शोषतो याचा आलेख काढणारे यंत्र, गेल्या हिवाळ्यात आले. मुंबईत हिवाळ्यात कोणतेही यंत्र चांगलेच चालते, म्हणून अर्धा पावसाळा उलटेपर्यंत मत लिहायचे थांबलो होतो.

पूर्वी आम्ही पोटॅशियम ब्रोमाइडचे पेलेट (दाबून केलेली चकती) करीत असू. नमुना त्याच्या शंभरपट ब्रोमाइडबरोबर अगेटच्या खलात घोटून दाबयंत्रात दाबायचा. जून लागला की ब्रोमाइड हवेतले पाणी ओढून घेई आणि आलेखात ३४०० च्या आसपास (हे आकडे तरंगसंख्येचे, म्हणजे दर सेंटीमीटरमागे लहरी किती) रुंद व १६४० ला लहान शोषणपट्टा उमटे. तो नमुन्यातला हायड्रॉक्सिल (ओ-एच) की हवेतला ओलावा, यावर वाद होत. एटीआर या जोडणीत किरण स्फटिकातून नमुन्याच्या पृष्ठभागाला भेटतो. तीत चिमूटभर पूड हिऱ्याच्या स्फटिकावर ठेवून दट्ट्या घट्ट करायचा; मिनिटाभरात आलेख हाती येतो आणि तो वाद उद्भवतच नाही.

क्रियात्मक गट, म्हणजे रेणूतील ठरावीक अणुगट, ओळखण्यात यंत्र चोख आहे. ॲस्पिरिनमधील एस्टरचा कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध) १७५० जवळ आणि आम्लाचा १६९० जवळ असे दोन्ही पट्टे स्वच्छ सुटे दिसतात, तर आम्लाचा हायड्रॉक्सिल थेट २५०० पर्यंत पसरतो. पॅरासिटामॉलमध्ये ३३२५ जवळ एन-एच बंधाचा टोकदार पट्टा मिळतो, आणि कार्बोनिल १६५० पर्यंत खाली येतो, कारण नायट्रोजनवरील इलेक्ट्रॉनांची जोडी कार्बोनिलकडे सरकल्याने तो दुहेरी बंध सैल पडतो.

स्फटिक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर पूर्ण सुकू द्यावा, नाहीतर ९५० जवळ आणि ११३० ते ११६० च्या दरम्यान परके पट्टे डोकावतात.

आता तक्रारी. सॉफ्टवेअर संग्रहातील आलेखांशी तुलना करून जुळणीचा आकडा देते आणि नवखी मुले त्यावरच भाळतात. स्टीअरिक आणि पामिटिक आम्लांत फरक फक्त दोन कार्बनांचा. तो ११८० ते १३५० मधील बारीक दातेरी पट्ट्यांत शोधावा लागतो, आणि जुळणीचा आकडा दोघांनाही जवळपास सारखाच येतो. जुळणी पाहण्याआधी आलेख डोळ्यांनी वाचावा, हे मी प्रत्येकाला बजावतो.

दुसरे असे की, एटीआरमध्ये किरण नमुन्यात किती खोल जातो हे तरंगलांबीवर अवलंबून असते; तरंगसंख्या मोठी, म्हणजे तरंगलांबी लहान, तितका तो उथळ जातो. त्यामुळे ३००० च्या बाजूचे पट्टे पेलेटच्या मानाने बुटके दिसतात, आणि जुन्या संदर्भ आलेखांशी उंची ताडून पाहायची असेल तर दुरुस्तीचा पर्याय निवडावाच लागतो. माहितीपुस्तिकेत ही बाब एका ओळीत उरकली आहे, ते मला पटले नाही.

तिसरी गोष्ट ओलाव्याची. नमुना ओलाव्यापासून बचावला, तरी यंत्राच्या आतला किरणविभाजक ब्रोमाइडचाच आहे. आत ठेवलेले, ओलावा शोषणारे सिलिका जेल रंग बदलू लागताच ते भट्टीत कोरडे करून परत भरावे लागते, आणि पावसाळ्यात हे काम वरचेवर निघते. यंत्र रात्रीही चालू ठेवल्याने आतली ऊब टिकते. यंत्राचे आकडे बरोबर आहेत ना, यासाठी पॉलिस्टायरिनच्या पातळ पटलाचा १६०१ चा पट्टा आम्ही नियमित पाहतो. तो अद्याप सरकलेला नाही.

नायट्राइलसाठी (कार्बन-नायट्रोजन तिहेरी बंध) मात्र जुने दाबयंत्र अजून ठेवले आहे. हिरा स्वतःच १९०० ते २३०० च्या दरम्यान शोषण करतो, आणि २२५० जवळचा नायट्राइलचा क्षीण पट्टा त्या गोंगाटात नीट वाचता येत नाही.