पार्टी डिलीट करून बघा: टॅली, ओडू की ईआरपीनेक्स्ट?

हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या डेमोला बसाल तेव्हा रिपोर्ट नंतर बघा. आधी जिच्या नावावर दोन-चार बिलं आहेत अशी पार्टी, म्हणजे ग्राहक किंवा पुरवठादार, डिलीट करायला सांगा. तेव्हा येणारा मेसेज तुमच्या अकाउंटंटला रोज वाचायचा आहे. तो त्याला एकट्याला कळला पाहिजे, कुणाला फोन न करता.

टॅलीप्राइममध्ये डिलीटसाठी अल्ट-डी दाबलं की हो-नाही विचारलं जातं. हात बसलेला माणूस तो प्रश्न वाचतच नाही. व्यवहार असलेला लेजर, म्हणजे पार्टीचं खातं, टॅली उडवू देत नाही, ते चांगलंच आहे. भीती सुट्या व्हाउचरची, म्हणजे एकेका बिलाच्या नोंदीची; ती एका ‘हो’वर उडते. चुकलेलं बिल अल्ट-एक्सने रद्द करायची सवय लावा, म्हणजे बिलाचा नंबर जागेवर राहतो.

ओडू एखादी नोंद अडवताना बऱ्याचदा म्हणतं, की दुसऱ्या मॉडेलला (म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या नोंदींना) हा रेकॉर्ड लागतो, जमल्यास आर्काइव्ह करा. सल्ला अगदी योग्य आहे. आर्काइव्ह केलेली पार्टी यादीतून जाते, जुनी बिलं शाबूत राहतात आणि फिल्टर लावून ती परत आणता येते. पण खाली मॉडेल आणि कन्स्ट्रेंटची (आड आलेल्या तांत्रिक नियमाची) नावं येतात, तिथे अकाउंटंट थबकतो. त्याला मॉडेल नको असतं, बिल नंबर हवा असतो.

तो नंबर ईआरपीनेक्स्ट देतं. अमुक कस्टमर अमुक सेल्स इन्व्हॉइसला जोडलेला आहे म्हणून डिलीट होणार नाही, असं नावानिशी सांगतं, आणि त्या नावावर क्लिक केलं की थेट बिल उघडतं. मला हा मेसेज तिघांत सर्वांत प्रामाणिक वाटतो. एकच खटकतं: पार्टी नुसती बंद ठेवायची तर ‘डिसेबल्ड’वर टिक करायची, हे तो स्वतःहून सुचवत नाही. सबमिट केलेलं, म्हणजे पक्कं झालेलं बिल डिलीट करण्याआधी कॅन्सल करावं लागतं. आणि चुकून काही उडालंच तर ‘डिलीटेड डॉक्युमेंट’मध्ये त्याची प्रत सापडते, तिथून रिस्टोअर करता येतं. ओडूत डिलीट म्हणजे गेलं. मग बॅकअपच शोधायचा.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर निवड आणखी जपून करा. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. टॅलीत त्यासाठी एडिट लॉग आहे. बाकी दोघांबाबत डिलीट झालेल्या नोंदीचा माग कसा राहतो, ते डेमोतच दाखवायला लावा.

स्टॉक आणि हिशोब एकत्र सांभाळणारे तीन-चार जण असतील तर मी ईआरपीनेक्स्ट सांगेन. एकटा अकाउंटंट असेल आणि त्याचा हात टॅलीवर बसलेला असेल, तर त्याला तिथेच राहू द्या.

बऱ्याचदा मात्र डिलीट करायचंच नसतं. एकाच पार्टीची दोन स्पेलिंगने दोन खाती झालेली असतात, ती एकत्र करायची असतात. ईआरपीनेक्स्टमध्ये नाव बदलताना ‘मर्ज विथ एक्झिस्टिंग’वर टिक करा, ओडूत कॉन्टॅक्टच्या यादीत दोन्ही निवडून मर्ज करा. त्याआधी बॅकअप घ्या, कारण मर्ज उलटवता येत नाही.