घर, ट्रस्टचा आश्रम, खासगी निवास की ज्येष्ठांसाठीचा फ्लॅट? आत जाण्याआधी बाहेर पडायचे नियम वाचा

कोल्हापुरात वृद्धाश्रम बघायला गेलेलं कुटुंब आधी खोली बघतं, मग जेवणाचं विचारतं, मग महिन्याचे पैसे. प्रवेश-अर्जाचं शेवटचं पान बहुतेकजण सही करतानाच उलटतात. 'निवासी स्वतःची कामं स्वतः करू शकत नसल्यास नातेवाइकांनी त्यांना घेऊन जावं' अशा अर्थाची ओळ बऱ्याचदा त्याच पानावर असते. मुदत कुठे सात दिवसांची, कुठे पंधरा. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरात आणि आजोबांचं खुब्याचं हाड मोडलेलं, अशा वेळी सात दिवसांत दुसरी जागा मिळत नाही. त्यामुळे खालचे चार पर्याय चालत्या-फिरत्या माणसाला कसे आहेत यापेक्षा, त्यानं अंथरूण धरल्यावर कसे ठरतील, या बाजूनं तपासले आहेत.

घरीच, मदतनीस ठेवून

ओळखीची गल्ली, ओळखीचा डॉक्टर, संध्याकाळी रंकाळ्यावर एक फेरी. विसरभोळेपणा वाढत चाललेल्या माणसाला तर जागा बदलण्याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो. त्याच्यासाठी घर हा पहिला पर्याय, पण घर त्या लायकीचं करून घ्यावं लागतं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत उंच उंबरा, खडा जिना आणि मागच्या दारी न्हाणी असते. झोपायची खोली तळमजल्यावर आणा. संडास-न्हाणीत भिंतीत पक्के बसवलेले आधाराचे दांडे हवेत. टॉवेलच्या दांडीला धरून उठायला गेलं की ती दांडी हातात येते आणि माणूस खाली. न्हाणीचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं करा, कारण आत पडलेला माणूस आत उघडणारं दार स्वतःच्याच अंगानं अडवून ठेवतो.

'चोवीस तासांची बाई' हा शब्द मात्र फसवा. रात्रीत चारदा उठावं लागत असेल तर एकच बाई थोड्या दिवसांत थकते आणि सणाला म्हणून गावी गेलेली परत येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. ती बदलली नाही की माकडहाडाला आणि टाचांना जखमा होतात, आणि त्या भरायला महिने जातात. म्हणून हिशेब दोन पाळ्यांचा आणि सुट्टीच्या बदलीचा धरा. ब्यूरोकडून माणूस घेणार असाल तर बदली किती तासांत मिळेल ते लिहून घ्या, पोलीस पडताळणी करून घ्या, आणि एटीएम कार्ड-पिन मदतनिसाच्या हाती देऊ नका.

अर्ध्या तासात दारात येऊ शकेल असं घरचं कोणीतरी गावात असेल तरच हा पर्याय टिकतो. फोनवरून बाई सांभाळता येत नाही.

ट्रस्टचा वृद्धाश्रम

महिन्याचा खर्च इथे कमी, कारण बराचसा भार देणगीवर असतो. अटी साधारण ठरलेल्या: साठ पूर्ण, चालता-फिरता माणूस, संसर्गजन्य आजार नाही, मानसिक आजार नाही, गावात एक 'स्थानिक पालक'. कागदांत आधार, फोटो, डॉक्टरांचा दाखला, रक्ताचे रिपोर्ट, छातीचा एक्स-रे आणि नातेवाइकांचं हमीपत्र. दवाखान्यात न्यायचं झालं तर गाडी कोणाची, उशाशी रात्री कोण बसणार, दवाखान्याची अनामत कोण भरणार, आणि मृत्यू झाला तर नातेवाईक येईपर्यंत काय करणार, हे सगळं हमीपत्रात कोणाच्या नावावर टाकलंय ते वाचा. बहुतेक ठिकाणी ते तुमच्याच नावावर असतं. त्यात गैर काही नाही, फक्त आधी माहीत हवं.

संस्थेचा धर्मादाय नोंदणी क्रमांक विचारा आणि शेवटचा लेखापरीक्षण अहवाल बघायला मागा. चांगली संस्था कुरकुर न करता दाखवते. 'ऐच्छिक देणगी' दिल्याशिवाय खोली मिळत नसेल तर ती देणगी नव्हे, प्रवेश-फी. माणूस महिन्याभरात परत आला तर त्यातलं काय मिळणार हे लेखी घ्या. आणखी एक, घर संस्थेच्या नावावर करून 'आयुष्यभर सांभाळ' असा सौदा कोणी सुचवला तर वकिलाला दाखवल्याशिवाय हो म्हणू नका.

जेवणाचं. बऱ्याच आश्रमांत शाकाहारच असतो. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला रोज वरण-भात मिळणं हा घरच्यांना क्षुल्लक प्रश्न वाटतो, पण तिसऱ्या आठवड्यात 'मला इथनं न्या' याचं खरं कारण पुष्कळदा तेच निघतं. बाहेरून डबा आणलेला चालतो का, एवढं सरळ विचारून टाका.

ज्यांच्यामागे कोणीच नाही आणि पैसाही नाही त्यांच्यासाठी २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधारांची सोय असलेलं निवासस्थान टप्प्याटप्प्यानं उभारण्याची तरतूद आहे. अनुदानित जागांची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करा. १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते.

खासगी सशुल्क निवास

अंथरुणाला खिळलेला, नळी लावलेला, डायपरवरचा माणूस घेणारी जागा शोधायची तर ती बहुधा इथेच मिळते. हाच त्यांचा फायदा, आणि गडबडही इथेच होते. 'आम्ही रजिस्टर्ड आहोत' म्हणजे नेमकं कुठे? शॉप ॲक्ट किंवा उद्यमची नोंद धंद्याची असते, तिथे सेवा कशी आहे हे कोणी तपासलेलं नसतं. म्हणून तपासणी तुम्हीच करायची, आणि ती रविवारी सकाळी नव्हे. रात्री नऊनंतर जा. किती निवासी, त्यातले किती खिळलेले, आणि रात्रपाळीला जागे असलेले कर्मचारी किती, ते मोजा. वीस खिळलेल्यांमागे रात्री एकच मुलगी असेल तर दोन तासांनी कूस बदलणं शक्यच नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. परिचारिका पात्रताधारक आहे की फक्त पांढरा कोट घातलेली, तेही विचारा. लघवीचा वास खोलीत येतोय की सगळ्या मजल्यावर, याकडे लक्ष ठेवा. खोलीतला वास एका माणसाचा असतो, मजल्यावरचा कारभाराचा.

जोडप्यानं एकत्र प्रवेश घ्यायचा असेल तर एकजण खिळल्यावर दोघांना वेगळ्या मजल्यावर टाकतात का, आणि मग दोन खोल्यांचे पैसे घेतात का, हे विचारायचं राहून जातं.

ज्येष्ठांसाठीचा फ्लॅट

हे प्रकल्प पुण्याकडे जास्त, आणि निवृत्त कोल्हापूरकर तिकडे वळतात ते बहुधा मुलं पुण्यात असल्यामुळे. तब्येत धडधाकट असताना आणि हाताशी मोठी रक्कम असताना विचार करण्याजोगा पर्याय. मे २०२४ मध्ये महारेरानं (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं) ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी बांधकामाचे निकष ठरवून दिले: स्ट्रेचर मावेल अशी किमान एक लिफ्ट, ९०० मिलिमीटरहून रुंद दारं, दोन्ही बाजूंना कठडा असलेला किमान १५०० मिलिमीटर रुंदीचा जिना, व्हीलचेअर अडणार नाही अशी रचना. हे तपशील विक्री करारात असले पाहिजेत. 'सीनियर सिटिझन प्रोजेक्ट' असा फलक लावून करारात यातलं काहीच नसेल तर तो साधा फ्लॅट आहे, फक्त महाग.

पण निकष भिंतींचे आहेत, माणसांचे नाहीत. खिळलेल्याची सेवा फ्लॅटच्या किमतीत बसत नाही. मदतनीस इथेही वेगळाच. खोली मालकीची की आजीव भाडेपट्ट्याची, साठीखालचा वारस तिथे राहू शकतो का, विकायला बिल्डरची परवानगी लागते का, आणि बंद फ्लॅटचा देखभाल-खर्च कोण भरतो, या चार प्रश्नांची उत्तरं करारातूनच घ्या, विक्री-प्रतिनिधीकडून नको.

महिन्याचा खरा आकडा

सांगितलेली रक्कम म्हणजे खर्च नव्हे. समजा महिना १५,००० रुपये. करारात दरवर्षी १० टक्के वाढ असेल तर पाच वर्षांनी ते २४,००० च्या वर जातात. पेन्शन त्या वेगानं वाढत नाही. परत मिळणारी अनामत ५ लाख असेल तर ७ टक्क्यांनी बुडणारं व्याज वर्षाला ३५,०००, म्हणजे महिन्याला जवळपास २,९००. तेही खर्चातच धरा. डायपर दिवसाला तीन-चार, म्हणजे महिन्याला शंभर-सव्वाशे नग, ते बहुतेक ठिकाणी वेगळे. औषधं, फिजिओथेरपी, दवाखान्यात सोबत गेलेल्या माणसाचे पैसे, तेही वेगळे. दिवाळीला आठ दिवस घरी आणलं तर तेवढे पैसे वजा होतात का, विचारा.

जीएसटीचंही बघा. आयकर कायद्यानुसार नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमात, राहणं-जेवण-देखभाल धरून माणशी महिना २५,००० रुपयांपर्यंत, साठीवरच्या निवासींना जीएसटी माफ आहे. खासगी निवासाला ही सवलत नाही. १८ टक्के लागला तर २०,००० चं बिल २३,६०० होतं. म्हणून ठरलेली रक्कम करासह की करावेगळी, हे पहिल्याच भेटीत.

मेडिक्लेममधून निवासाचे पैसे मिळतील ही आशा सोडा. नुसती राहण्या-सांभाळण्याची सेवा पॉलिसीत वगळलेली असते. सत्तरीवरच्यांना मात्र उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार मिळतात. कार्ड प्रवेशाआधीच काढून ठेवा, नंतर ई-केवायसीसाठी खिळलेल्या माणसाची धावाधाव होते.

पावसाळा इथे वेगळा धरायचा

निवास बघायला लोक मार्च-एप्रिलमध्ये जातात. जुलैचा विचार करा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता, आणि रेडेडोह फुटला, म्हणजे तिथून पुराचं पाणी बाहेर पसरलं, की पन्हाळ्याकडचा रस्ता जातो. नदीपलीकडच्या निसर्गरम्य जागेतून तेव्हा शहरातल्या दवाखान्यात पोचायचं कसं? ऑक्सिजन, इन्सुलिन, जनरेटरचं डिझेल किती दिवसांचं साठवतात ते विचारा. शहरात नागाळा पार्क, दुधाळीसारख्या भागात घर किंवा निवास असेल तर तळमजल्यावरची खिळलेली माणसं वर नेणार कोण, याचं उत्तर तयार हवं. आणि सोलरच्या गरम पाण्यावर भुलू नका; चार महिने ऊन नसतं, गिझर किंवा बंब लागतो.

सही चालते तोवर करायचे कागद

मुखत्यारपत्र केलं म्हणजे झालं, हा सार्वत्रिक गैरसमज. देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र कायद्यानं संपतं. त्यानंतर एकट्याच्या नावावरची ठेव मोडायला पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच असल्यानं मुंबईची खेप वाचते, वकील आणि महिने वाचत नाहीत. त्यापेक्षा खातं आधीच जोडीदाराच्या किंवा विश्वासाच्या मुलाच्या नावासह 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' या पद्धतीचं करा. व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही याबद्दल मत असेल तर २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोरचं उपचारांविषयीचं इच्छापत्र (लिव्हिंग विल) पुरतं.

घर मुलाच्या नावे बक्षीसपत्रानं करताना 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द घाला. २००७ च्या त्याच ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली असं बक्षीसपत्र सांभाळ न झाल्यास रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसेल तर भांडण लांबतं. मुलं निवासाचे पैसे देत नसतील तर शहरातल्या ज्येष्ठांनी करवीरच्या प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. तिथल्या न्यायाधिकरणाला महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च ठरवता येतो आणि निकालासाठी कायद्यात ९० दिवसांची मुदत आहे, कारण नोंदवून आणखी ३० दिवस वाढणारी. मूलबाळ नसेल तर मालमत्तेचा वारस होणाऱ्या नातेवाइकाकडूनही मागता येतो.

कुठलाही निवास ठरला तरी पहिला महिना 'बघू राहून' असाच ठेवा, आणि पूर्ण अनामत त्या महिन्यानंतर द्यायचं बोला. पहिल्या आठवड्यातल्या रडण्यावरून निर्णय फिरवू नका. तिसऱ्या आठवड्यात मात्र वजन करा, पाठ आणि टाचा बघा, दुपारच्या जेवणाला न सांगता जाऊन बसा. आणि निदान सहा महिने तरी घरची खोली भाड्यानं देऊ नका.