छोट्या लाटांसाठी फिश प्रकारचा सर्फबोर्ड घेतला, एक सीझन वापरून सांगतो: आधी तळ बघा

सॅन डिएगोला येऊन चार वर्षं झाली, त्यातली पहिली दोन मी चुकीच्या बोर्डवर घालवली आणि त्याचं अजून वाईट वाटतं. इथल्या एका दुकानात (नाव लिहीत नाही) मी सांगितलं की माझं वजन ७८ किलो, रोज सकाळी ला होया शोर्सच्या किनाऱ्यावर सर्फिंगला जातो, तरी त्यांनी मला ६ फुटी अरुंद शॉर्टबोर्ड दिला, नाक चांगलंच वर वळलेलं आणि खाली खोल सिंगल कॉन्केव्ह, म्हणजे तळाला मधोमध एकच लांब पोकळी. बोर्ड वाईट नव्हता, पण तो ज्या लाटांसाठी बनलाय त्या शोर्सला उन्हाळ्यात येतच नाहीत. उन्हाळी स्वेल (दूरच्या समुद्रातून येणाऱ्या लाटा) दक्षिणेकडून येतो आणि ला होयाचं टोक मधे आडवं येतं, त्यामुळे आपल्यापर्यंत पोचते ती गुडघा ते कंबर एवढीच लाट, मऊ, अजिबात जोर नसलेली.

मग पैसे साठवून एका शेपरकडे, म्हणजे बोर्ड घडवणाऱ्याकडे, फिश करून घेतला. ५ फूट ८ इंच लांब, २१ इंच रुंद, अडीच इंच जाड, आकारमान साधारण ३४ लिटर, मागे खाली दोन कील फिन (लांब बुडाचे पंख). फिश म्हणजे इथलंच लेकरू बरं का, स्टीव्ह लिसने १९६७ च्या सुमारास सॅन डिएगोतच बनवला, तोही मुळात गुडघ्यांवर बसून चालवायला, म्हणून इतका आखूड आणि रुंद.

पण मला लिहायचंय ते तळाबद्दल, कारण दुकानात सगळे लांबी आणि लिटर विचारतात आणि बोर्ड उलटा करून कोणीच बघत नाही. घरी एक करून बघा, बोर्ड उलटा ठेवा, स्टीलची पट्टी आडवी धरा आणि मागून मोबाईलचा टॉर्च मारा. माझ्या फिशच्या मधल्या भागात पट्टीखालून उजेडाची रेघसुद्धा येत नाही, पोळपाटासारखा सपाट. फिनच्या हातभर अलीकडे पट्टी मधल्या कण्यावर टेकून डुगडुगायला लागते, दोन्ही कडांना दोन-तीन मिलीमीटर फट दिसते, तो व्ही. जुन्या बोर्डावर उलटं, पट्टी कडांवर टेकते आणि मधे पाच-सहा मिलीमीटर पोकळी.

आता हे पाण्यात काय करतं? सपाट आणि रुंद तळ कमी वेगातच पाण्यावर चढतो, प्लेन होतो, म्हणजे लाट नुसती ढकलायला लागली तरी बोर्ड पळायला सुरुवात करतो. कॉन्केव्हसुद्धा उचलतो, नाही असं नाही, पण त्याच्या खालून पाणी जोरात वाहायला हवं, आणि मऊ लाटेत नेमका तोच जोर नसतो. व्ही का लागतो तर रुंद टेल (बोर्डाचं मागचं टोक) पूर्ण सपाट ठेवलं की वळताना पाण्याला चिकटून बसतं, थोडा व्ही दिला की एका रेलवरून (बाजूच्या कडेवरून) दुसऱ्या रेलवर सहज कलतं. फार व्ही दिला तर मात्र वेग जातो, म्हणून शेपरला "थोडासाच" असं स्पष्ट सांगा.

तुम्ही म्हणाल फरक लिटरचाच असेल, २७ वरून ३४ वर गेलास की. मलाही तीच शंका होती. म्हणून मित्राचा जवळपास तेवढ्याच मापाचा फिश, पण खोल सिंगल कॉन्केव्हवाला, एका सकाळी शोर्सला अदलाबदल करून चालवला. पॅडलिंगला, म्हणजे हातांनी वल्हवायला, दोघे सारखेच. पण लाट मधे ढेपाळते ना, फेस पुढे गेला आणि समोर नुसता उतार उरला, तिथे त्याचा बोर्ड बसला आणि माझ्या बोर्डवर उभा असलेला मित्र पुढच्या भागापर्यंत सरळ पोचला. दोन-तीनदा बदलून बघितलं, दर वेळी तसंच.

तक्रारी आहेतच. अकराच्या सुमारास वारा सुटला की पाणी खडबडीत होतं आणि सपाट तळ खालून थपथप आपटतो, गुडघ्यांना जाणवतं, अशा पाण्यात थोडा पोट असलेला, म्हणजे बाहेर फुगीर तळ जास्त गुळगुळीत जातो. आणि हिवाळ्यात ब्लॅक्स बीचला हा नेऊच नका, तिथे समुद्राखालच्या स्क्रिप्स दरीमुळे लाट फार ताकदीची होते, मी एकदा डोक्याएवढ्या लाटेवर नेला आणि वेग वाढल्यावर टेल नुसतं घसरायला लागलं, पकडच नाही. तिथे जुना कॉन्केव्हवालाच भारी चालतो, म्हणून तो विकला नाही. चॅनलवाला, म्हणजे तळाला लांब खाचा असलेला बोर्डही चालवून बघितलाय, काचेसारख्या पाण्यात छान, पण डिंग (आपटून पडलेली खोक) पडला तर त्या खाचांची दुरुस्ती किचकट.

कस्टम म्हणून साडेआठशे डॉलर पडले, दोन महिने थांबावं लागलं. माझ्या हिशोबाने वसूल. नुकतं शिकताय त्यांनी मात्र घेऊ नका, आधी आठ फुटी फोमच्या बोर्डवर उभं राहायला शिका.

डिसेंबरात घरी आलो तेव्हा हा गोव्याला आश्वेला नेला होता. त्या दिवसांत तिथे लाट जेमतेम गुडघ्याएवढी, सोबतचे सगळे लांब फोमवर, आणि मला तिसऱ्या-चौथ्या हातालाच लाट लागत होती. सकाळी सातला उतरलो ते ऊन चढेपर्यंत बाहेर यावंसंच वाटलं नाही.